इन्सुलिनची सुई आणि वेळेवरचा घास
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. तरीही आज इन्सुलिनविषयी बोलण्यास उभा आहे, त्याला कारण माझ्याच वर्गात घडलेला एक प्रसंग. आठवीतील एक मुलगा पहिल्याच तासाला घामाने डबडबला, त्याचे हात थरथरू लागले आणि विचारले त्याची तो भलतीच उत्तरे देऊ लागला. मुले हसली. मला वाटले, हा थट्टा करतो आहे. मी रागावलो. तेव्हा शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, तो रोज इन्सुलिन घेतो." त्या दिवशी घाईत त्याने इंजेक्शन घेतले होते, पण न्याहारी न करताच तो शाळेत आला होता. साखरेचे पाणी दिल्यावर तो सावरला. घरच्यांनी शाळेला काही कळविले नव्हते आणि मला ती लक्षणे ओळखता आली नाहीत. दोष त्या मुलाचा मुळीच नव्हता.

१९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तोपर्यंत असा मधुमेह झालेली मुले फार काळ जगत नसत. पूर्वी हे औषध गायी व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून काढीत. त्यामुळे आपल्याकडील काही वडीलधाऱ्यांच्या मनात शंका असे. १९८२ साली जिवाणूंकडून बनविलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज सहसा मिळणारे इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्ट यांच्या साहाय्यानेच बनते. तेव्हा त्या शंकेपायी कोणी इंजेक्शन बंद करू नये.

लवकर काम करणारे 'रेग्युलर' इन्सुलिन टोचल्यापासून सुमारे अर्ध्या तासात काम सुरू करते, दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सहा ते आठ तास ते टिकते. म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास घेतात. काही नवी इन्सुलिने दहा-पंधरा मिनिटांतच काम करू लागतात. कोणतेही असो, नियम एकच : अन्न तयार आहे याची खात्री झाल्यावाचून सुई टोचू नये. साखर लगेच उतरली नाही म्हणून मनानेच दुसरे इंजेक्शनही घेऊ नये. पहिल्याचा जोर अजून यायचा असतो.

दुसरी गोष्ट सिरिंजची. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही मिळतात. १०० च्या बाटलीतील औषध ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट मात्रा अंगात जाते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहावा. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर दादा-दादींसाठी हे काम त्यांनी अंगावर घ्यावे.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, कापरे, भोवळ, बरळणे असे काही दिसले, की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बरे नसल्यास पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. मात्र माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. त्वरित दवाखान्यात न्यावे.

आता रमजानविषयी. आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआन शरीफनेच दिली आहे. ज्यांना रोजे ठेवायचे आहेत, त्यांनी महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून सहेरी व इफ्तारच्या मात्रा ठरवून घ्याव्यात. बोटाचे रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे. तेव्हा तपासणी टाळू नये. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडावा. आणि रोजा आहे म्हणून इन्सुलिन अजिबात बंद करणे हेही जिवावर बेतू शकते, विशेषतः मुलांच्या.

शेवटी पालकांना कळकळीची विनंती. मुलीला मधुमेह आहे हे कळले तर स्थळे येणार नाहीत, या भीतीने काही घरांत आजार लपविला जातो. ती भीती मी समजू शकतो. पण वर्गात ती कोसळली, तर तिला साखर कोण देणार? वर्गशिक्षकाला सांगा. दप्तरात साखरेची पुडी ठेवा. विद्यार्थी मित्रहो, अशा सोबत्याला हसू नका. आमच्या वर्गात त्या दिवशी उपयोगी पडली ती शेजारच्या मुलाला असलेली माहिती. शिक्षकाची पदवी नव्हे.

अल्लाह आपल्या सर्वांना आरोग्य देवो. खुदा हाफिज.