माते म्हणजे थांब

संध्याकाळी मुलींना क्लासला सोडून हॉलच्या पायरीवर बसणाऱ्या आयांपैकी आम्ही. तीन दिवस कराटे, तीन दिवस ज्युदो. आतून सरांचा आवाज येतो, "हाजिमे!" आणि थोड्या वेळानं, "माते!" पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आईलाच हाक मारताहेत. एकजण तर उठून दारापर्यंत गेलीसुद्धा. मग कळलं, हे जपानी शब्द आहेत. हाजिमे म्हणजे सुरू करा आणि माते म्हणजे थांबा. तेव्हापासून आम्ही एकेक शब्द विचारून घ्यायला लागलो.

जिथं शिकतात ती जागा दोजो. 'दो' म्हणजे मार्ग, 'जो' म्हणजे ठिकाण. हा शब्द मुळात बौद्ध धर्मातला. आपल्या संस्कृतातला 'बोधिमंड', म्हणजे बुद्धांना ज्ञान झालं ती जागा, त्याचं चिनी भाषेत भाषांतर झालं आणि तेच जपानात पोचलं. म्हणून चपला बाहेर आणि आत शिरताना वाकून नमस्कार. त्या नमस्काराला म्हणतात रेई. शिकवणारे ते सेन्सेई, शब्दशः 'आधी जन्मलेले'. जपानात शाळेतल्या बाईंना आणि डॉक्टरांनाही सेन्सेईच म्हणतात.

कराटे म्हणजे रिकामा हात. ज्युदोतला 'ज्यु' म्हणजे मऊपणा, समोरच्याच्या जोराला जोरानं न अडवणं. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत हा प्रकार शिकवायला सुरुवात केली. आता ज्युदोत पहिले कितीतरी दिवस काय शिकवतात? पडायला! आमच्यातली एकजण चिडून म्हणाली, "पैसे भरून पोरीला आपटायला पाठवू का? उद्यापासून बंद." त्या पडण्याला नाव आहे उकेमी. 'उके' म्हणजे घेणं, स्वीकारणं आणि 'मी' म्हणजे शरीर. मागं पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल ठेवायची आणि हात थोडा बाजूला घेऊन सबंध मॅटवर आपटायचा, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. पुढं पावसाळ्यात तीच पोरगी मोरीत घसरली आणि हसत उठली. क्लास बंद व्हायचा विषय तिथंच संपला.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो शब्द 'माइत्ता', म्हणजे हरले, पुरे. पकडीत सापडलं आणि सहन होईना, की हे म्हणायचं. तोंडानं बोलता येत नसेल तर मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर हातानं दोनदा थोपटायचं. मग समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. "जरा थांब, अजून थोडं" हे चालत नाही. "मी गंमत करत होतो" हेही चालत नाही. क्लासात मुलगेही आहेत आणि त्यांनाही हाच नियम. आमच्या काळी अशी सक्ती मुलग्यांना कुणी केली होती का, आठवून बघा.

किआई म्हणजे कराटेतली ती आरोळी. 'की' म्हणजे अंगातली शक्ती, 'आई' म्हणजे जुळणं. श्वास जोरात सोडताना पोट घट्ट होतं आणि फटक्याला बळ येतं. आमच्या मुलींना हात-पाय लवकर जमले, आरोळी जमेना. घरात आपणच सांगत आलो ना, हळू बोल, हळू हस! एकीचा आवाज फुटायला महिना लागला. आता शेजारी तक्रार करतात. करू देत.

शेवटी काळा पट्टा. त्याच्या पायऱ्यांना 'दान' म्हणतात, आपलं दान नव्हे. पहिली पायरी शोदान. यातला 'शो' म्हणजे आरंभ. म्हणजे काळा पट्टा मिळाला की शिकणं सुरू झालं म्हणायचं! या पायऱ्यांवरून केइको फुकुदा यांची आठवण होते. त्या कानोंच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांचे आजोबा कानोंचे गुरू होते. पण बाईला पाचव्या दानच्या वर जाऊ द्यायचं नाही अशी रीत होती, म्हणून त्या कितीतरी वर्षं पाचव्यावरच राहिल्या. १९७० च्या दशकात ती रीत मोडली. २०११ साली अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेनं त्यांना दहावं दान दिलं, तेव्हा त्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या. नव्वदी ओलांडली तरी सॅन फ्रान्सिस्कोत बायकांना ज्युदो शिकवत होत्या.

कुंगफूबद्दल एकीनं विचारलंय. तो शब्द चिनी आणि त्याचा अर्थ मारामारी नव्हेच. वेळ आणि कष्ट घालून हातात आलेलं कसब, मग ते स्वयंपाकातलं का असेना. तव्यावर टम्म फुगणारी भाकरी थापता येते तुम्हाला? मग तुम्हालाही कुंगफू येतं. मुलींना सांगा घरी गेल्यावर.