‘रामदास’ बोटीची जलसमाधी

कोकणातील खाड्यांवर पूल झाले नव्हते त्या काळात मुंबईहून गावी जाण्याचा सोयीचा मार्ग समुद्राचाच होता आणि त्या मार्गावर आगबोटी, म्हणजे वाफेच्या यंत्रावर चालणारी प्रवासी जहाजे, ये-जा करीत असत. या वाहतुकीत स्वदेशीच्या प्रेरणेने उतरलेल्या भारतीय कंपनीला लोक आपलेपणाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत आणि तिच्या काही बोटींना संतांची नावे होती. त्यांपैकी ‘तुकाराम’ 11 नोव्हेंबर 1927 रोजी बुडाली आणि त्याच दिवशी ‘जयंती’ही गेली.

‘रामदास’ मात्र मुंबई बंदराच्या अगदी तोंडाशी बुडाली. 1936 साली बांधलेली, सुमारे 179 फूट लांबीची ही बोट 17 जुलै 1947 रोजी सकाळी, गटारी अमावास्येसाठी घरी निघालेल्या प्रवाशांना घेऊन, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून समोरच्या किनाऱ्यावरील रेवस बंदराकडे निघाली; प्रवास अवघ्या दीड तासाचा होता. काशाच्या खडकाजवळ पावसाळी वाऱ्याने उठलेल्या मोठ्या लाटेने ती एका अंगाला झुकली, घाबरलेली गर्दी त्याच अंगाला लोटली आणि बोट कलंडली. झुकलेले जहाज पुन्हा सरळ होते ते त्याचा भार खाली व मधोमध असतो म्हणून. वर उभ्या असलेल्या माणसांचा भार एकाएकी कडेला गेला की सावरण्याची ही शक्ती संपते. त्यामुळे या अपघाताचा सारा दोष समुद्रावर टाकणे न्याय्य ठरत नाही. पाऊस आत येऊ नये म्हणून बाजूंना लावलेल्या ताडपत्र्यांत अनेक जण अडकले, आणि देश स्वतंत्र होण्यास महिनाही उरला नसताना सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कित्येक तास या घटनेचा पत्ताच लागला नाही. त्या अवधीत बुडणाऱ्यांच्या मदतीस धावले ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेले रेवसचे कोळी. त्यांनी विक्रीची मासळी समुद्रात फेकून पडावांत, म्हणजे आपल्या शिडाच्या होड्यांत, जागा केली आणि अनेकांना वर ओढून घेतले. प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्रणा असावी, हा आग्रह या अपघातानंतर नियमांत उतरला.