स्वागताध्यक्षीय भाषण: कोयनेचा भेक आणि आफ्रिकेचा झेनोपस

बेडकांची परिषद ऐन पावसाळ्यात भरवलीय, तेव्हा छत्र्या सांभाळा.

आमची पिढी प्राणिशास्त्र शिकली ती मेणाच्या ट्रेवर. क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक, चार पायांना चार टाचण्या आणि जर्नलमध्ये पेन्सिलीची आकृती. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केलं. बरंच झालं. पण ट्रेबरोबर बेडूकही वर्गाबाहेर गेला, हे मला खटकतं.

वास्तविक आमच्या सातारा-सांगलीकडची कोयना आणि चांदोली ही बेडकांची माहेरघरं. कोयनेच्या भेकाचं (टोडचं) वर्णन संशोधक सोमण यांनी १९६३ साली केलं. २००९ मध्ये बेडूक-संशोधक बिजू आणि सहकाऱ्यांनी तो आणि आंबोलीचा भेक मिळून ‘झँथोफ्राइन’ ही नवी प्रजाती मांडली. बेडकांच्या जाती ओळखायला मायटोकाँड्रियातलं १६एस रायबोसोमल जनुक सर्रास वापरतात. म्हणजे हे जनुक बेडकाचं आधार कार्डच! केंद्रकातली रायबोसोमल जनुकं कधी चालू होतात नि कधी बंद पडतात, हा प्रश्न मात्र निराळा.

त्याची बरीच उत्तरं आफ्रिकेच्या झेनोपस बेडकाने दिली. १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी दाखवलं, की केंद्रिका (केंद्रकातला रायबोसोम घडवणारा भाग) नसलेला भ्रूण नवा रायबोसोमल आरएनए बनवू शकत नाही. आईने अंड्यात भरून दिलेल्या रायबोसोमांच्या शिदोरीवर तो पोहण्यापर्यंत मजल मारतो आणि मग दगावतो. अंडपेशीत चालू असणारी ५एस आरएनएची हजारो जनुकं शरीराच्या इतर पेशींत गप्प असतात. त्यात क्रोमॅटिनमधल्या, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीतल्या, एच१ हिस्टोन या प्रथिनाचा हात असतो.

आता आपला पावसात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक घ्या. उन्हाळा तो मातीत निपचित काढतो, पाऊस पडला की ओरडत बाहेर येतो. मातीतल्या त्या निपचित काळात त्याच्या रायबोसोमल जनुकांचं काय होतं? बेडकाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक असतं. वनखात्याची परवानगी घेऊन काढलेल्या थेंबभर रक्तातूनही क्रोमॅटिनच्या कामाला सुरुवात करता येईल. जीव घ्यायला नको. इथल्या महाविद्यालयांनी हा प्रश्न हाती घ्यावा आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी जाण्याआधी आमच्या पोरांना त्याची पद्धत शिकवावी, एवढी विनंती करतो.