ज्यांना घर नाही, त्यांची कला



वसंत ऋतूत गावोगावी व्याख्यानमाला भरतात, आणि आपण सारे चार घटका विचारांच्या संगतीत घालवितो. याच दिवसांत, सुगी आटोपून घरांत दाणा आला की, पूर्वी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, गावाबाहेरच्या पडिक जागेत पाले पडत. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, नंदीवाले, कडकलक्ष्मीवाले येत. तीही एक वसंत व्याख्यानमालाच होती. फक्त तिला मंडप नव्हता आणि व्याख्यात्याला घर नव्हते. आज आम्हांला या बिनघराच्या कलावंतांविषयी बोलायचे आहे.

कला म्हटली की आपल्यापुढे रंगमंदिर उभे राहते. कलावंत वर, आपण खाली, मध्ये पडदा. भटक्यांच्या कलेत हा पडदाच नाही. गोंधळ घ्या. संबळ, तुणतुणे, दिवटी गोंधळ्याची. पण चौक मांडायचा तो यजमानाच्या अंगणात, कलश त्याच्या घरचा, दिवटीला तेल त्याचे, आणि ज्या कुळदैवताला बोलवायचे तेही त्याचेच. वासुदेव मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारी येतो. दान हाती पडले की तो त्या घरच्या माणसांची, त्यांच्या गेलेल्या वाडवडिलांची नावे गाण्यात गुंफतो. नंदीबैल मान हलवितो, पण प्रश्न विचारायला गावकरीच लागतो. बहुरूप्याचे तर विचारूच नका! तो फौजदार होऊन दारात दटावतो तेव्हा घरधनी क्षणभर घाबरला नाही, तर त्याची कला फसली. अर्धी कला बेघराची, अर्धी घरवाल्याची. दोघे मिळून ती पुरी होते. अलीकडे शहरांत बेघरांना सोबत घेऊन भिंती रंगविण्याचे, नाटके बसविण्याचे उपक्रम होतात, आणि ते चांगलेच आहे. पण त्यामागचे तत्त्व आपल्या अंगणात फार जुने आहे.

मग हे अंगण ओस का पडले? सिनेमा आला, मोबाईल आला, हे उत्तर सोपे आहे. पण ते अर्धेच आहे. दुसरे अर्धे उत्तर आपल्याला टोचणारे आहे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून फिरत्या माणसावर संशयाचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. मनातला शिक्का मात्र राहिला. त्यानंतर 1959 साली मुंबई राज्यात भीक प्रतिबंधक कायदा झाला. भीक म्हणजे काय, हे सांगताना त्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे या मिषाने सार्वजनिक जागी पैसे घेणेही धरले आहे. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंतची तरतूद! 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी या कायद्यातील कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. पण विचार करा : आम्ही येथे बोलतो आणि मानधन घेतो, ते व्याख्यान, वासुदेव दारात गातो आणि पसा पुढे करतो, ती भीक. भेद कलेत आहे, की घर असण्या-नसण्यात?

त्याच 2018 सालच्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरते, एवढी अफवा पुरली. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दारात उभे राहू दिले, त्याचा चेहराच आपण विसरलो. कला गेली की ओळख जाते, आणि ओळख गेली की अनोळखी माणूस चोर ठरतो. म्हणून या कलेचा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. तो माणसांच्या जिवाचा आहे.

आणि हे आपण वऱ्हाडच्या मातीत विसरावे? शेगावात 23 फेब्रुवारी 1878 रोजी उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचणारा एक पुरुष लोकांना दिसला. गाव कोणते, घर कोणते, कुणालाच ठाऊक नव्हते. गजानन महाराजांना त्या दिवशी कुणी रहिवासाचा दाखला मागितला नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे घेऊन गावोगाव हिंडले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारायचे, आणि श्रोत्यांच्या तोंडूनच उत्तर वदवायचे. तीही दोघांनी मिळून केलेलीच कला. या बिनघराच्या माणसाने नाशिकला, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र झोपडीत राहिला.

आज भटक्याला मात्र कागद लागतो. जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्याचा बाप पालात जन्मला, त्याने तो आणावा कोठून? यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि 269 चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. पण त्या दारापर्यंत पोहोचायलाही पुन्हा कागदच हवा. स्वतः गोंधळी समाजातून आलेले बाळकृष्ण रेणके राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 2008 साली त्यांनी देशातील भटक्या-विमुक्तांचा अहवाल सरकारला दिला. अहवाल कपाटात राहतात; त्यांना बाहेर काढायला नागरिकांचा रेटा लागतो.

तो रेटा आपण देऊ शकतो. गावाबाहेर पाल पडले तर पोलिसांना फोन करण्याआधी जाऊन नाव-गाव विचारावे. दाखल्यासाठी साक्ष लागली तर द्यावी. मुलांना शाळेत बसवावे. बापाची कला मुलाने चालवावी की सोडावी, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. उपाशी ठेवून जपलेली कला आम्हांला नको. आणि व्याख्यानमालेची एक संध्याकाळ या मंडळींच्या हाती द्यावी. काय सादर करायचे ते त्यांनी ठरवावे. अंगण, तेल आणि प्रश्न आपले. मानधन मात्र व्याख्यात्याइतकेच, आणि तेही पाकिटात घालून, हात जोडून.

दान पावले, असे म्हणून वासुदेव आजवर आपल्याला दुवा देत आला. त्याचे देणे आपल्याला पावले, हे आता आपण म्हणायचे आहे.