पाठीचा डबा



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. शिकवण्याबद्दल तुमच्यासमोर बोलणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. तरी एक चूक कबूल करते. ऑफिसात नवी आलेली मुलगी अडली की मी तिचा कोड स्वतःच दुरुस्त करून द्यायचे. वर्ष झालं, तरी ती अडतच होती.

तेव्हा विहिरीतलं पोहणं आठवलं. काकांनी पाठीला डबा बांधला, पोटाखाली हात धरला. मग हात काढला आणि एक दिवस डबाही सोडला. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांचं म्हणणं हेच: मुलाला एकट्याला जमत नाही, पण थोड्या आधाराने जमतं, तिथे शिकवावं. १९७६ साली ब्रूनर आणि सहकाऱ्यांनी या आधाराला परांचीची उपमा दिली. काम झालं की परांची उतरवायची.

त्यासाठी मूल कुठे आहे, ते आधी पाहावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला तेच पाहिलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात नेली.

आठवीत फळ्यासमोर माझं समीकरण अडलं, तेव्हा बाईंनी खडू काढून घेतला नाही. "इथपर्यंत कशी आलीस?" एवढंच विचारलं. सांगता सांगता चूक मलाच दिसली. हल्ली मीही त्या मुलीला तेवढंच विचारते. कीबोर्डला हात लावत नाही. आता ती क्वचितच अडते.

बाई, त्या दिवशी खडू माझ्या हातात राहू दिलात. आभार मानायचे राहून गेले होते.