पाच वर्षांची अट आणि आपले घर

(जळगाव येथे बौद्ध बंधुभगिनींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



३१ जुलै १९३७ रोजी परमपूज्य बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या स्थळी आपण अभिवादनास जातो. परंतु ज्या कायद्याच्या बळावर बाबासाहेब लढले, तो कायदा आपल्याच घरच्या कागदांत वाचण्याची सवय आपणांस अजून लागलेली नाही. म्हणून आज मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे म्हाडाच्या सोडतीत मिळालेल्या घराची विक्री.

जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे म्हाडाच्या नाशिक मंडळाकडे येतात. सोडतीत अनुसूचित जातींसाठी, नवबौद्धांसह, ११ टक्के घरे राखीव असतात. घर राहण्यासाठी दिले जाते. म्हणूनच पहिली पाच वर्षे ते विकता येत नाही. ही अट नसती, तर गरिबांची नावे पुढे करून दलालांनीच घरे लाटली असती. अट आपणांस बांधण्यासाठी नाही. आपला वाटा राखण्यासाठी आहे.

मागे एक भगिनी माझ्याकडे आली. तिच्या पतीने मुलीच्या लग्नासाठी दुसऱ्याच वर्षी घर ‘विकले’ होते. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद झाले. निम्म्या किमतीत सौदा झाला आणि पैसा लग्नाच्या बडेजावात संपला. पुढे पती वारला. आता घर कागदोपत्री पतीच्या नावे, ताबा परक्याचा, आणि थकलेल्या हप्त्यांच्या नोटिसा या बाईच्या दारी! ती म्हणाली, “वकीलसाहेब, मला तर कोणी विचारलेसुद्धा नाही.”

बंधूंनो, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची जुळणी म्हणजे विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे देणारा बुडतो आणि घेणाराही. शिवाय विक्री लपविण्यासाठी लिहिलेले मुखत्यारपत्र हे असत्यच नव्हे काय? चौथे शील आपण केवळ विहारात म्हणण्यासाठी घेतले आहे काय?

मग गरजवंताने काय करावे? प्रथम लग्न बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावे. देकारपत्र व ताबापत्र जपून ठेवावे आणि मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे मंडळाकडून लेखी विचारून घ्यावे. मुदत संपल्यावर थकबाकी फेडावी, मंडळाची परवानगी घ्यावी, हस्तांतरण शुल्क भरावे, आणि मगच दुय्यम निबंधकांपुढे खरेदीखत करावे. कोऱ्या कागदावर सही कधीही देऊ नये. आणि घर पतीच्या एकट्याच्या नावावर असले, तरी पत्नीला विचारल्याशिवाय सौद्याचा शब्द देऊ नये. उद्या मुलांना घेऊन कोठे राहायचे, हा प्रश्न तिच्याही वाट्याला येतो.

आपल्या आजोबांपैकी कित्येकांनी वतनाची जमीन अंगठा उठवून घालवली. त्यांना अक्षर येत नव्हते. आपणांस येते. मग आपण कोणती सबब सांगणार?

जय भीम!