ॲव्हरेजमधल्या तुटीचा धनी कोण?

(घाटकोपर येथे टेम्पोचालक व लहान कारखान्यांतील कामगार यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या वर्गात मी आयुष्यभर ‘सरासरी’ हा शब्द शिकविला. परंतु तो शब्द खऱ्या अर्थाने जगताना पाहिला तो साकीनाक्याच्या चौकात. दोन टेम्पोचालक भेटले की ख्यालीखुशालीनंतर दुसरा प्रश्न ठरलेला : ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, एवढेच त्या प्रश्नात विचारलेले असते. पण महिनाअखेर बँकेचा हप्ता भरून घरी काय न्यायचे, हे त्याच आकड्यावर ठरत असल्यामुळे त्याला विचारपुशीत दुसरे स्थान मिळाले आहे. विक्रेत्याने सांगितलेला हा आकडा आणि रस्त्यावर प्रत्यक्ष मिळणारा आकडा यांत जी तूट पडते, तिच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. ती तूट यंत्रातून निर्माण होत असली तरी तिची किंमत कोणी भरावयाची हे यंत्र ठरवीत नाही.

गाड्यांची ही जात उपनगरांत एवढी वाढली कशी, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पुढे भांडुप-मुलुंडपर्यंतच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील मोठे कारखानेही एकामागून एक बंद झाले आणि त्यांच्या जागी मॉल व टोलेजंग इमारती आल्या. उत्पादन नाहीसे झाले नाही. ते मरोळ, असल्फा, साकीनाका येथील गाळ्यांत विखुरले. गोदामे भिवंडीला गेली. अवजड ट्रकांना गर्दीच्या वेळी शहरात मज्जाव असतो. तेव्हा लहान लहान खेपांनी माल हलविणारे वाहन हवे होते. २००५ साली ‘टाटा एस’ बाजारात आली आणि लोकांनी तिचे ‘छोटा हाथी’ असे नामकरण करून टाकले. दोन सिलिंडरचे, सुमारे सातशे सीसीचे इंजिन आणि पाऊण टनाचे पासिंग. त्याहून मोठ्या, दीड टनाच्या आसपास माल उचलणाऱ्या पिकअप गाड्याही याच काळात रस्तोरस्ती दिसू लागल्या. कालचा गिरणी कामगाराचा मुलगा कर्ज काढून ‘मालक’ झाला. या शब्दाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

आता कागदावरचा आकडा कसा जन्मतो ते पाहू. नवी गाडी विक्रीला येण्यापूर्वी तिची तपासणी अधिकृत संस्थेत होते. पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही त्यांतली प्रमुख. साडेतीन टनांच्या आतली गाडी तेथे रस्त्यावर न नेता रुळांवर, म्हणजे फिरत्या दंडगोलांवर, उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागेवरच राहते. युरोपच्या जुन्या पद्धतीवरून बेतलेले सुमारे वीस मिनिटांचे एक वेळापत्रक चालक समोरच्या पडद्यावर पाहून पाळतो. खोलीचे तापमान २० ते ३० अंश. शून्यापासून ताशी ५० किलोमीटरपर्यंत वेग नेण्यास २६ सेकंदांची सवड. पाठीमागे बसचा भोंगा नाही, पुढे हातगाडी नाही, पुलाचा चढ नाही. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. दोन गाड्यांची तुलना करावयाची तर दोघींना एकच परीक्षा दिली पाहिजे, आणि त्या परीक्षेत थांबणे-निघणेही आहे, हे अभियंत्यांचे म्हणणे रास्तच आहे.

परंतु एक गोष्ट मला विलक्षण वाटते. या परीक्षेत गाडीचे वजन धरतात ते रिकाम्या गाडीचे, अधिक दीडशे किलो. दीडशे किलो म्हणजे चालक आणि त्याच्याशेजारी बसलेला एक धट्टाकट्टा हमाल. माल शून्य! जी गाडी माल वाहण्यासाठीच जन्मली तिची परीक्षा माल न चढविता घेतली जाते. हमालाची ताकद तो मोकळ्या हातांनी किती झपझप चालतो यावरून ठरविण्यासारखे हे झाले. पिकअप गाडीत पासिंगइतका माल भरला की तिचे एकूण वजन रिकाम्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट होते.

वजनाचा हा प्रश्न महामार्गापेक्षा शहरात अधिक जाचतो. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना इंधनाचा मोठा वाटा हवेचा विरोध कापण्यात जातो. येथे उपनगरात तो खर्ची पडतो थांबलेले वजन पुन्हा हलविण्यात. गाडी जितकी जड, तितकी तिला वेग देण्यास ऊर्जा अधिक. आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी ऊर्जा चाकाजवळ उष्णता होऊन उडून जाते. मरोळपासून घाटकोपरपर्यंत एका खेपेत किती वेळा क्लच दाबावा लागतो, हे तुम्हीच मला सांगा. त्यातच इंजिन नुसते चालू ठेवले तरी मोठी पिकअप तासाला अर्धा लिटरहून अधिक डिझेल पिते. त्या वेळी किलोमीटर शून्य आणि म्हणून ॲव्हरेजही शून्य!

रस्ता खोळंबतो त्यात तुमचा काय दोष? अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ला बंद झाला. पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतून पश्चिमेला माल न्यावयाचा तर जोगेश्वरीचा पूल नाही तर विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल गाठावा लागे. एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला सुरू झाली, तर संपूर्ण पूल मे २०२५मध्ये. नव्या पुलाची पातळी शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळली नाही याची वर्तमानपत्रांतून भरपूर थट्टा झाली. परंतु त्या अडीच वर्षांत वळसा घालून जाळलेल्या डिझेलचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण तो सार्वजनिक खर्चाच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हता. तो टेम्पोवाल्यांच्या खिशांत वाटला गेला होता.

आकडेमोड करून पाहू. समजा, विक्रेत्याने १५चे ॲव्हरेज सांगितले आणि भरल्या गाडीला शहरात १०चे मिळाले. महिन्याला दोन हजार किलोमीटर धाव. कागदाप्रमाणे डिझेल लागावे सुमारे १३३ लिटर, लागते २००. लिटरला नव्वद रुपये धरले तर फरक महिन्याला सहा हजारांचा, वर्षाला बहात्तर हजारांचा. पाच वर्षांच्या कर्जफेडीत ही रक्कम तीन लाख साठ हजार होते. गाडी घेताना हप्ता परवडेल की नाही याचे गणित मात्र १५च्या आकड्यावर मांडलेले असते.

भाडे तरी खऱ्या आकड्यावर ठरते काय? गिऱ्हाईक अथवा हल्ली मोबाईलवरील ॲप किलोमीटरमागे दर देते तो माल चढल्यापासून उतरेपर्यंतचा. बोरिवलीला माल उतरवून रिकामी गाडी मुलुंडला परत आणायची, त्याचे डिझेल कोणाचे? व्यापारी ‘एवढे तीन नग वर टाक’ म्हणतो तेव्हा नाही म्हणण्याची ताकद तुमच्यात नसते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने जादा मालासाठी वीस हजार रुपये व वर प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड ठेवला आहे. ती पावती रस्त्यावर तुमच्याच हाती पडते. येथे ‘मालक’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. धोका भांडवलदाराचा आणि मिळकत मजुराची, अशी ही मालकी आहे.

आणि तक्रार केली की उत्तर तयार असते : ‘तुझे पाय जड आहेत.’ टायरमध्ये हवा नीट ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, गिअर वेळेवर बदला, हा उपदेश पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था १९७८पासून करीत आली आहे आणि तो खोटा नाही, तो पाळावाच. पण चांगल्या सवयींनी तुटीचा काही भाग भरून निघतो. गाडीवरचा दीड टन सवयीने हलका होत नाही.

मोजमापाविषयी थोडे बोललेच पाहिजे, जुनी खोड सुटत नाही म्हणून नव्हे, तर लिटरला किती किलोमीटर हे मापच फसवे आहे म्हणून. मोटारीचे ॲव्हरेज २०वरून २५ झाले तर शंभर किलोमीटरमागे एक लिटर वाचतो. पिकअपचे ८वरून १० झाले तर अडीच लिटर वाचतात. ऐकताना पाच मोठे आणि दोन लहान वाटतात. देशाच्या तेलाच्या दृष्टीने मात्र ते दोनच मोठे आहेत. मालवाहू गाडीचे खरे माप एक टन माल एक किलोमीटर नेण्यास किती डिझेल लागले, हेच असावयास हवे. पण नियम पाहा. मोटारींसाठी इंधनाची मर्यादा २०१७-१८पासून आली, बारा टन व त्यावरील ट्रकांसाठी २०१७च्या ऑगस्टमध्ये अधिसूचना निघाली. त्या दोहोंत तुमची गाडी नव्हती. ट्रकांची चाचणीही ताशी ४० आणि ६० अशा अखंड एकसारख्या वेगाची! उपनगरात तसा रस्ता पहाटे तीनला मिळत असेल.

परदेशातही हे सहजासहजी सुधारले नाही. अमेरिकेने १९७३च्या तेलटंचाईनंतर १९७५ साली कायदा केला, पुढे कागदी आकडे रस्त्याशी जुळेनात म्हणून १९८५ आणि २००८ अशा दोन वर्षांच्या गाड्यांपासून ते खाली आणले. तरीही सुमारे ३,८५० किलोंहून अधिक एकूण वजनाच्या पिकअपवर इंधनाचा आकडा चिकटविण्याची सक्ती तेथे नाही. युरोपने २०१७मध्ये जुनी चाचणी टाकली व २०२१पासून नव्या मोटारींत इंधनाची नोंद ठेवणारी सोय सक्तीची केली. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ साली जाहीर केले की नवी कडक चाचणी असूनही प्रत्यक्ष खप कागदापेक्षा सुमारे एक-पंचमांश अधिक आहे. तेथे निदान तूट मोजली जाते.

आपल्याकडे उलट, तूट मोजली न जाता तिची किंमत वाढत गेली. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचा भाव सरकारने मोकळा सोडला. मे २०२०मध्ये जगात तेल स्वस्त असताना केंद्राचे उत्पादनशुल्क लिटरला जवळजवळ बत्तीस रुपयांवर नेले. ऑक्टोबर २०२१मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. शुल्क नंतर उतरविले गेले. पण मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवरचा राज्याचा कर जुलै २०२४पर्यंत २४ टक्के होता, उर्वरित महाराष्ट्रात २१. सर्वांत कमी ॲव्हरेज मिळते तेथेच कर सर्वांत जास्त, अशी ही व्यवस्था होती.

मग मागावयाचे काय? रिक्षा-टॅक्सीचे भाडे ठरविताना इंधनाचा खर्च हिशेबात धरण्याची पद्धत राज्यात आहे. हकीम समितीने २०१२मध्ये आणि नंतर खटुआ समितीने त्याची सूत्रे दिली. माल वाहणाऱ्याला असे सूत्र नाही. वस्तुतः १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ६७वे कलम प्रवासी भाड्याप्रमाणेच मालवाहतुकीचे किमान व कमाल दर ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. तेव्हा पहिली मागणी अशी की लहान मालवाहू गाड्यांसाठी किमान दर ठरावा, त्यात रिकामी परतफेरी धरावी आणि डिझेल वा सीएनजीच्या भावाबरोबर तो वरखाली व्हावा. दुसरी, चाचणी पासिंगइतका माल चढवूनही घ्यावी आणि दोन्ही आकडे विक्रीच्या वेळी लेखी द्यावेत.

त्यासाठी पुरावा तुमच्याजवळ हवा. एक वही करा. टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा लिहा. पुन्हा काठोकाठ भराल तेव्हा किती लिटर बसले ते आणि मीटर पुन्हा लिहा. शेजारी माल किती होता, परत रिकामे आलात का, कोठे किती वेळ खोळंबलात, हे दोन शब्दांत टिपा. सीएनजीवाल्यांनी किलोत लिहावे. मात्र तो आकडा डिझेलच्या लिटरशी ताडून पाहू नये, कारण एक किलो सीएनजीत उष्णता एक लिटर डिझेलहून अधिक असते. एका भरणीवर विसंबू नका, निदान दहा भरण्या हव्यात. आज मागच्या बाकावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एक घ्यावी, आणि तीन महिन्यांनी याच सभागृहात त्या घेऊन यावे. बेरजा मी करून देईन.